तांबडा दिवस

सोमवारी सकाळी सहा वाजता शहाजी खरातच्या मनगटावरचा ठिपका तांबडा झाला. सव्वासहाला त्याच्या बायकोने, वैजयंताने, फोडणीला टाकायला घेतलेली गवार बाजूला ठेवली आणि मुगाचं वरण लावलं. तांबड्या दिवशी नवऱ्याला तिखट सोसत नाही, हे तिने दोन वर्षांत ताडलं होतं. आज कसं वाटतंय, असं मात्र तिने विचारलं नाही. तिच्या मोबाइलवर तोच ठिपका त्याच क्षणाला तांबडा झाला होता.

"आज रजा टाका," ती म्हणाली.

"नको. गेटवर जाऊन तर येतो."

"गेटवर जाऊन काय होणार आहे? दार उघडायचं नाही. मागल्या खेपेसारखं सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि माघारी यायचं."

शहाजी चुलीजवळच्या स्टुलावर बसला. त्याला रात्रभर नीट झोप नव्हती. छातीवर ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. हे ओझं त्याच्या ओळखीचं होतं.

"वैजे, तूच आज जाऊ नकोस कामाला."

"का?"

"पॅकिंगच्या भिंतीवरनं जाणारी अमोनियाची लाइन मला बरी वाटत नाही. काहीतरी होईल असं वाटतंय."

वैजयंताने मोबाइलकडे बघितलं. क्षणभरच बघितलं, पण शहाजीला ते दिसलं.

"बरं," ती म्हणाली. ताप आलेल्या लेकराशी बोलावं तसा तिचा आवाज झाला होता. "तुम्ही जेवा आणि पडा जरा. संध्याकाळी बोलू. उद्या कोजागिरी आहे, आज सुट्टी मागितली तर देशमाने मॅडम मला दारात उभं करणार नाहीत."

ती साडेसातच्या गाडीने गेली. शहाजी तिच्या मागोमाग सायकलवर निघाला. दोघं एकाच दूध संघात कामाला होते.

ढवळगंगा दूध संघाच्या शीतकरण विभागात शहाजी बावीस वर्षं ऑपरेटर होता. गावोगावचं कोमट दूध टँकरने येतं, ते चार अंशांपर्यंत गार करावं लागतं, आणि ते काम अमोनिया करतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबाने त्याचा द्रव होतो, तो द्रव पाइपातून फिरताना उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. गुणी वायू आहे, फक्त कोंडलेला असला पाहिजे. मोकळा सुटला तर डोळे, घसा, फुप्फुसं, जिथे ओल सापडेल तिथे चिकटतो आणि जाळतो. शहाजीला कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याचं दुखणं कळायचं. नवीन अभियंते त्याला घेऊन यंत्रापुढे उभे राहत आणि विचारत, "मामा, काय म्हणतोय हा?"

चार वर्षांपूर्वी शहाजी आजारी पडला. कारण विचारलं तर सांगता येत नसे. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. आठ महिने तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या आणि त्याला हेमलता घोलप नावाच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. हेमलताताईंनी त्याला हळूहळू उठवलं. आंघोळ, दाढी, विहिरीपर्यंत चालत जाणं, एकेक. एक गोष्ट त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "शहाजीराव, बरं होणं म्हणजे रोज बरं वाटणं नव्हे. वाईट दिवस येणार. त्या दिवशी मन जे सांगेल ते लगेच खरं मानायचं नाही. कागद घ्यायचा, मधोमध रेघ मारायची. एका बाजूला विचार खरा असल्याचा पुरावा लिहायचा, दुसऱ्या बाजूला खोटा असल्याचा. मग ठरवायचं."

या कागदांच्या जोरावर तो कामावर परत आला होता. अशा कागदांच्या तीन वह्या त्याच्याकडे भरल्या होत्या.

पट्टा त्यानंतर आला. वाईट दिवस उगवायच्या दीड-दोन दिवस आधीच शरीराला त्याची चाहूल लागलेली असते, हे संशोधकांनी शोधून काढलं होतं. झोपेत स्वप्नांचा टप्पा लवकर सुरू होतो. पहाटे घामात जे संप्रेरक वाढायला हवं ते आदल्या संध्याकाळीच वाढलेलं असतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निरोगी माणसात थोडं मागेपुढे होत राहतं, ते घड्याळासारखं एकसारखं होतं. बोलताना दोन शब्दांमधली जागा केसभर लांबते. माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. मनगटावरचा पट्टा हे सगळं मोजायचा, लाखो लोकांच्या नोंदींशी ताडून बघायचा आणि रोज सकाळी सहाला त्या दिवसाचा रंग सांगायचा. हिरवा, पिवळा किंवा तांबडा. दहापैकी नऊ वेळा तो बरोबर यायचा.

सुरुवातीला पट्ट्याने घराला आधार दिला. वैजयंता कितीतरी महिन्यांनी निर्धास्त झोपली. तांबडा दिवस असला की ती पाहुण्यांना टाळायची, टीव्हीचा आवाज कमी करायची. पण होता होता सगळंच त्या ठिपक्यावर चालायला लागलं. पुण्याला शिकणारी मुलगी हिरव्या दिवशीच फोन करायची. शहाजी कशावरून चिडला तर घरातली माणसं आधी रंग बघायची आणि मग त्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचं की नाही ते ठरवायची. एकदा सायकल दुरुस्तीवाल्याने चुकीची चेन बसवली म्हणून तो बोलला, तर वैजयंता दुकानदाराला हळूच म्हणाली, "जाऊ द्या, आज त्यांचा पिवळा आहे."

आणि विमा कंपन्यांनी नियम केला. अमोनिया, बॉयलर, क्रेन अशा जोखमीच्या जागी काम करणाऱ्या, पूर्वी मानसिक उपचार घेतलेल्या प्रत्येकाने पट्टा वापरायचा. तांबड्या दिवशी यंत्रघराचं दार त्याला उघडणार नाही.

त्या सोमवारीही ते उघडलं नाही. शहाजीने पट्ट्याचं मनगट दारावरच्या खाचेसमोर धरलं, पडद्यावर शब्द आले: 'आज विश्रांती घ्या. आम्ही तुमच्या सोबत आहोत.'

मृणाल देशमाने बाहेर आल्या. संघाच्या मुख्य अभियंता, वय तेहतीस. शहाजी परत कामावर आला तेव्हा त्याला हलकं काम द्या असं सगळे म्हणत असताना त्यांनीच त्याला यंत्रघरात घेतलं होतं.

"मामा, कशाला आलात? पगार कापला जाणार नाही, माहीत आहे ना?"

"मॅडम, दोन नंबरची लाइन बंद करा. पॅकिंगच्या भिंतीवरची. तिसऱ्या आधारापाशी, पाइप टेकवलाय तिथे."

"काय झालंय तिथे?"

शहाजी बोलायला गेला आणि अडखळला. काय झालंय ते त्याला नेमकं सांगता येईना. डोकं जड होतं, शब्द चिखलात रुतल्यासारखे येत होते. "बरोबर नाही ती," एवढंच तो म्हणाला.

मृणालनी टॅब उघडून त्याच्यासमोर धरला. "हे बघा. पॅकिंग हॉलचे चारही गॅस सेन्सर शून्य. दाब नेहमीसारखा. आज दीड लाख लिटर दूध आहे मामा, कोजागिरीचं. लाइन बंद केली तर निम्मं दूध नासेल." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीच मला सांगितलं होतं ना, अशा दिवशी सगळं संपणार असंच वाटतं म्हणून? घरी जा. दस्तगीरभाई आहेत आत."

त्यांच्या आवाजात खरोखरची माया होती. शहाजीला वाटलं, या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

समोरच्या सायकल स्टँडपाशी एक दगडी कट्टा होता. तो तिथे बसला. मॅडमचं बरोबर असेल, असं त्याचं त्यालाच वाटू लागलं. चार वर्षांत किती वेळा त्याला खात्रीने वाटलं होतं की आज छत कोसळणार, आज मुलीचा अपघात होणार. काहीच झालं नव्हतं. मग आजच्या वाटण्यात वेगळं काय?

त्याने पिशवीतून वही काढली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. खोटा असल्याचा पुरावा भराभर लिहून झाला. सेन्सर शून्य. दाब ठीक. मॅडमना शंका नाही. आज तांबडा. दुसऱ्या बाजूला पेन थांबलं. भीती वाटते, हा पुरावा नव्हे, असं हेमलताताई नेहमी म्हणायच्या. त्याने डोळे मिटून आपण शेवटचं ती लाइन कधी बघितली ते आठवायचा प्रयत्न केला. शनिवारी. अकराच्या सुमाराला, शिडी लावून. त्याने लिहिलं: 'तिसऱ्या आधारापाशी पाइपाच्या पत्र्याखालचं उष्णतारोधक आवरण फुगलेलं. सांध्यातून बर्फ बाहेर आलेला. कॉम्प्रेसरमध्ये तेल आठवड्यात दोनदा घालावं लागलं. अमोनियाचा वास आला आणि गेला.' हे सगळं त्याने शनिवारच्या लॉगबुकातही नोंदवलं होतं, फक्त शिफ्ट संपायच्या गडबडीत कुणी वाचलं नसावं.

त्याने हेमलताताईंना फोन लावला. त्या ओपीडीत होत्या, पण फोन घेतला. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं.

"मला यंत्रातलं कळत नाही शहाजीराव," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्ही बघितलंत ते शनिवारी ना? शनिवारी तुमचा दिवस कसा होता?"

"चांगला होता. हिरवा. संध्याकाळी आम्ही जत्रेला गेलो होतो."

त्या म्हणाल्या, "मग आजचं नका ऐकू. शनिवारच्या शहाजीरावांचं ऐका."

शहाजीने वही मिटली. आवरण फुगलं की आत पाणी शिरतं, पाणी गोठतं, वितळतं, परत गोठतं, आणि पत्र्याखाली कुणाला न दिसता पोलाद कुजत जातं. हे त्याला बावीस वर्षं माहीत होतं. सेन्सर का शून्य दाखवतायत तेही आता त्याच्या लक्षात आलं. ते हॉलच्या चार कोपऱ्यांत होते आणि तिसऱ्या आधाराच्या बरोबर वर बाहेर हवा टाकणारा पंखा होता. गळणारा वायू सेन्सरपर्यंत जाण्याआधीच पंखा त्याला ओढून नेत होता.

वैजयंता पॅकिंग लाइनची शिफ्ट प्रमुख होती. तिने तिसऱ्यांदा वाजल्यावर फोन उचलला.

"अहो, काम चालू आहे इथं."

"वैजे, सुरक्षेच्या कपाटात गंधकाच्या काड्या आहेत. पिवळ्या, उदबत्तीसारख्या. एक पेटव आणि तिसऱ्या आधाराखाली धर. साधा धूर आला तर मी घरी जाऊन झोपतो. धूर पांढरा दाट झाला तर सगळ्यांना बाहेर काढ."

तिच्यामागे पिशव्या भरणाऱ्या यंत्राचा ठेका ऐकू येत होता.

"अहो, आज तांबडा आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे मला. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. काडीवर ठेव."

वैजयंताने नंतर चौकशी समितीला सांगितलं की ती काडी घ्यायला गेली ती नवऱ्याचं समाधान करायला, म्हणजे तो उन्हात बसून राहणार नाही. कपाटाची किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली. काडी पेटवून तिने हात उंच केला तेव्हा लाइनवरच्या दोघी हसल्यासुद्धा. गंधकाचा निळसर, जेमतेम दिसणारा धूर वर गेला, आणि पाइपाखाली पोहोचताच दुधासारखा पांढरा झाला. तिने काडी खाली घेतली. धूर परत निळसर. वर नेली, पुन्हा पांढरा. तिसऱ्यांदा तिने करून बघितलं नाही. तिने लाइनचं तांबडं बटण दाबलं.

एक्केचाळीस बायका होत्या. वारा पश्चिमेचा, पुढच्या दाराकडे वाहणारा होता म्हणून ती त्यांना पुढच्या दाराने न नेता मागच्या, रिकाम्या क्रेटच्या अंगणातून घेऊन गेली. ओढण्या, पदर ओले करून तोंडाला लावायला लावले. मृणाल धावत आल्या त्या संतापलेल्या. "कुणी थांबवली लाइन?" वैजयंताने त्यांच्यासमोर दुसरी काडी पेटवली. मृणालनी वर बघितलं, त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी वॉकीटॉकीवर यंत्रघरातल्या दस्तगीरला सांगितलं, "किंग व्हॉल्व्ह बंद करा. लगेच." सगळ्या द्रव अमोनियाला रोखणारा तो मुख्य व्हॉल्व्ह यंत्रघराच्या मागच्या कोपऱ्यात होता.

व्हॉल्व्ह अर्धा फिरला असेल नसेल, दाबाचा धक्का लाइनमध्ये उलटा आला. तिसऱ्या आधाराजवळ पाइप फाटला, आणि पाठोपाठ यंत्रघरातला जुना सांधाही निखळला. वेळ दहा वाजून पन्नास मिनिटं.

कट्ट्यावरून शहाजीने पांढरा ढग छपराच्या कडेने खाली घसरताना पाहिला. तो यंत्रघराच्या दाराकडे धावला. आत दस्तगीर मुलाणी होता. अठरा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. शहाजीने मनगट खाचेसमोर धरलं. 'आज विश्रांती घ्या.' त्याने पुन्हा धरलं. 'आम्ही तुमच्या सोबत आहोत.' त्याने पट्टा ओरबाडून काढला आणि रिकामं मनगट धरलं. 'ओळख पटली नाही.' दाराच्या काचेतून आत फक्त पांढरं दिसत होतं. त्या पांढऱ्यात कुणीतरी खोकत होतं.

व्हॉल्व्हपर्यंत तो डोळे मिटून पोचला असता. एकोणीस पावलं, मग डावीकडे वळायचं.

त्याने टँकर धुवायची नळी ओढून आणली, दगडाने खिडकीची काच फोडली आणि पाण्याचा फवारा आत सोडला. पाणी अमोनियाला पिऊन टाकतं. "दस्तगीर, खाली झोप. आवाजाकडं सरपटत ये," तो ओरडत राहिला. त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते, घसा आगीसारखा पेटला होता. सात-आठ मिनिटांनी एक हात खिडकीच्या कडेवर आला. शहाजीने तो धरला आणि ओढला.

दस्तगीर वाचला. त्याचा उजवा डोळा गेला आणि चार जिने चढायची ताकद फुप्फुसांत राहिली नाही. एक्केचाळीस बायकांपैकी एकीलाही काही झालं नाही. मृणाल देशमाने यांनी चौकशी समितीसमोर सरळ सांगितलं, "खरात मामांनी मला सांगितलं होतं. मी त्यांचं बोलणं ऐकलं नाही, त्यांचा रंग बघितला." त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला.

एकदा दुपारी वैजयंता भांडी घासता घासता म्हणाली, "दहा मिनिटं मी किल्ली शोधत होते, तेव्हा मनात काय होतं सांगू? लाज वाटत होती. बायका म्हणतील, हिच्या नवऱ्याचं डोकं परत फिरलं." शहाजीने तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळून पालथं घातलं.

"सकाळी मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला.

दीड महिन्याने पट्टा बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांनी दोघांना पुण्याला बोलावलं होतं. शहाजीला वाटलं, माफी मागायची असेल.

कार्यालय नवव्या मजल्यावर होतं. निषाद कर्णिक नावाच्या, बारीक फ्रेमचा चष्मा लावलेल्या, अतिशय नम्र गृहस्थांनी त्यांना स्वतः पाणी दिलं. मग भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख आला.

"ही तुमची शनिवारची नोंद आहे, खरातसाहेब. इथपर्यंत सगळं सपाट. ही वेळ बघा, अकरा वाजून दहा मिनिटं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"शिडीवर. लाइन बघत होतो."

"अगदी बरोबर. तुमच्या मनाने त्या क्षणी काही विशेष मानलं नाही. नोंद केली आणि संध्याकाळी तुम्ही जत्रेला गेलात. पण शरीराला कळलं होतं. अकरा दहापासून तुमची रेषा चढत गेली, रविवारी चढली, आणि सोमवारी आमच्या पट्ट्याने तांबडा दिला." कर्णिकांनी चष्मा काढला. "पट्टा चुकला नव्हता. त्याला भीती कळली होती. कशाची, तेवढं कळलं नव्हतं. आम्ही तिला आजार समजलो."

शहाजी आलेखाकडे बघत राहिला. कुणीतरी आपल्याला इतकं बारकाईने बघत होतं आणि तरीही एकटं सोडून दिलं होतं, हे त्याला गिळायला जड जात होतं.

"मग आम्ही जुन्या नोंदी काढल्या," कर्णिक पुढे म्हणाले. "गेल्या तीन वर्षांतले कारखान्यांतले सव्वाशे अपघात. त्यांतल्या एकाहत्तर ठिकाणी, अपघाताच्या एक-दोन दिवस आधी, तिथल्या पट्टा लावलेल्या माणसांपैकी कुणीतरी तांबडं झालं होतं. हौसेने पट्टा लावणारी निरोगी माणसं झाली नाहीत. निरोगी माणूस बारीकसारीक धोके गाळून टाकतो, त्याशिवाय त्याला जगता येत नाही. ज्यांना नैराश्य येऊन गेलंय त्यांची ती गाळणी पातळ असते. कुठलाही सेन्सर इतका आधी बोलत नाही."

"मग आता अशा माणसांचं ऐकणार तुम्ही?" वैजयंताने विचारलं.

"त्याहून चांगलं. आम्ही त्यांची नेमणूक करणार आहोत." त्यांनी एक जाड कागद पुढे सरकवला. "दूध संघ, खत कारखाने, बोगद्यांची कामं, सगळीकडून मागणी आहे. विमा कंपन्या तर मागेच लागल्या आहेत. काम काहीच नाही. यंत्रांच्या मधोमध बसायचं, फिरायचं. बाकीचं पट्टा बघेल. पहिली जागा तुम्हाला द्यायची, असं ठरलंय."

शहाजीने कागद वाचला. तो सावकाश वाचायचा, ओळीवर बोट ठेवून. चौथ्या कलमावर बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय? औषधयोजना कंपनीच्या वैद्यकीय सल्ल्यानुसार?"

"ती तांत्रिक बाब आहे. गोळ्यांनी प्रतिसाद बोथट होतो, त्यामुळे मात्रा थोडी कमी ठेवावी लागेल. आमचे डॉक्टर देखरेख करतील. समुपदेशनसुद्धा काही काळ थांबवावं लागेल. तिथल्या कागदाच्या पद्धतीने रेषा फार लवकर खाली येते, असं दिसलंय."

वैजयंताने पदर खांद्यावर ओढून घेतला. "म्हणजे हे आजारी राहिले पाहिजेत, असं म्हणताय तुम्ही."

"आजारी नाही हो वहिनी. सजग."

"आणि मी पुरता बरा झालो तर?" शहाजीने विचारलं.

कर्णिक पहिल्यांदाच गडबडले. त्यांनी कागदाची कडा सरळ केली. "तसं झालं तर करार आपोआप संपेल. पण आमच्या आकडेवारीनुसार, त्या वातावरणात तसं सहसा होत नाही."

शहाजीने कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. पट्टा त्या दिवसानंतर त्याने लावलाच नव्हता, त्यामुळे आज कुठला रंग आहे ते खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःला मात्र माहीत होतं. सकाळपासून वाईट होतं. आंघोळीला उठायलाच अर्धा तास लागला होता, बसमध्ये वैजयंताने दोनदा विचारलं तेव्हा त्याने तसं सांगितलंही होतं.

"मला बरं व्हायचंय," तो म्हणाला. "आजच्यासारख्या दिवशीसुद्धा तेवढं कळतं मला."

"विचार करा. घाई नाही." कर्णिक दारापर्यंत सोडायला आले. "तुम्ही नाही म्हणालात तरी आमचं काम थांबणार नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

बाहेरच्या व्हरांड्यात लांब बाक होता. ते आत गेले तेव्हा तो रिकामा होता. आता तिथे सात जण बसले होते, मांडीवर फायली घेऊन. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दाराजवळच्या टोकाला तिशीची एक बाई होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठ सुकलेले. शहाजीला पाहून ती थोडी सरकली.

"दादा, आत काय विचारतात?"

"तुम्ही कुठून आलात?"

"रंगाच्या कारखान्यात होते मी, भट्टीवर. गेल्या वर्षी काढून टाकलं. तांबडे दिवस फार म्हणून. आता तेच परत बोलावतायत." ती कसनुसं हसली. "आमच्या तिथल्या तिघांनी अर्ज केलाय."

"गोळ्या चालू आहेत ना तुमच्या?" वैजयंताने विचारलं.

बाईने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तीन आठवडे झाले बंद करून. हिरवा आला तर कामावर घेत नाहीत म्हणे."

तिने मांडीवरची फाइल छातीशी धरली. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून कुणीतरी नाव पुकारलं, "रेश्मा भिसे."

"ताई, पाच मिनिटं थांबा," शहाजी म्हणाला. "मी काय सांगतो ते ऐका आणि मग जा."

"नंबर जाईल हो दादा. घरी दोन लेकरं आहेत." ती उठली. सवयीने तिने केस सारखे करायला हात वर नेला, मग काहीतरी आठवल्यासारखा तो तसाच खाली घेतला, आणि विस्कटलेल्या केसांनी आत गेली. दार तिच्यामागे आवाज न करता लागलं.

बाकावरचे सहा जण एकेक जागा पुढे सरकले. शेवटची जागा रिकामी झाली. परतीची गाडी चारची होती. शहाजीने घड्याळाकडे बघितलं, मग वैजयंताकडे. ती बाकाच्या दाराकडच्या टोकाला, दाराला पाठ करून उभी राहिली. शहाजी त्या रिकाम्या जागेवर बसला. शेजारी पन्नाशीचा एक बारीक माणूस खाली मान घालून बसला होता.

"मी शहाजी खरात," तो त्याला म्हणाला. "तुमच्या गोळ्या चालू आहेत का?"